एका दिग्दर्शकाची पन्नास वर्षं पाहायची कशी

एखादा मोठा दिग्दर्शक गेला की दोन दिवस सगळीकडे त्याच चार-पाच सिनेमांची नावं फिरतात. मग आपल्यातलाच कुणी हौशी माणूस ठरवतो, याचं सगळं काम एकदा ओळीनं पाहून काढू. यादी उतरवतो, पहिल्या नावापासून सुरुवात करतो आणि सातव्या-आठव्या नावाशी त्याची गाडी अडते. तिथे बहुतेक वेळा एखादा पडेल सिनेमा दबा धरून बसलेला असतो. यादी वहीतच राहते.

मी टीव्ही मालिकांचा संकलक. दिग्दर्शक मला भेटतात ते रशेसमधून, म्हणजे शूटिंगच्या न कापलेल्या कच्च्या चित्रणातून. कुठला शॉट घेतला, कुठला टाळला, दिवस मावळायला आल्यावर काय सोडून दिलं, हे सगळं तिथे उघडं पडतं. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. ज्यानं सिनेमा आणि टीव्ही दोन्हीकडे काम केलंय, त्याची कारकीर्द समजून घ्यायची असेल तर टीव्हीचं काम यादीच्या तळाशी ढकलू नका, मधोमध ठेवा. दिवस थोडे, पैसा तुटपुंजा, संहिता बहुधा दुसऱ्याची, अशा वेळी माणूस जे करतो त्यावरून त्याचा हात कळतो. खाली देतोय ती माझी पद्धत. पटेल तेवढी घ्या.

आधी यादी छाटा

अमेरिकी दिग्दर्शक सिडनी लुमेटचे नुसते चित्रपटच चाळीसहून जास्त आहेत, टीव्हीचे भाग वेगळेच. एवढं सगळं कुणी पाहत नाही आणि पाहायची गरजही नसते. मी दहा-बारा कामं ठेवतो. त्यात गाजलेल्या सिनेमांना तीनच जागा. उरलेल्या जागांवर मिळेल त्यातलं सर्वांत जुनं काम, टीव्हीचं उमेदवारीच्या काळातलं एक आणि नाव झाल्यानंतरचं एक, निदान एक आपटलेला सिनेमा, मोठ्या खंडानंतरचं पहिलं काम आणि सगळ्यात शेवटचं. बाकीचं आवड निर्माण झाली तर नंतर.

यादी झाली की तक्ता आखा. वर्ष, माध्यम, लांबी, लेखक, छायाचित्रकार, संकलक, मुख्य नट. शूटिंगचे दिवस कळले तर तेही लिहा. हे काम कारकुनी आहे खरं, पण मोठमोठ्या लेखांत न सापडणाऱ्या गोष्टी या रकान्यांत सापडतात.

बासु चटर्जींचा तक्ता भरून बघा. छायाचित्रकाराच्या रकान्यात के. के. महाजन हे नाव ‘सारा आकाश’ला (१९६९) येतं, ‘रजनीगंधा’ला (१९७४) येतं आणि पुढेही येत राहतं. मग प्रश्न पडतो, की बासुदांच्या सिनेमातला तो साधा, घरगुती उजेड बासुदांचा की महाजनांचा? याचं उत्तर तक्त्याच्या बाहेर आहे. महाजनांनी त्याच सुमारास मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ (१९६९) आणि मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ (१९७०) चित्रित केला. तिन्हींतली पंधरा-पंधरा मिनिटं पाठोपाठ पाहा. कॅमेऱ्यामागचा माणूस तोच आणि सिनेमे तीन टोकांचे. जो फरक उरतो, तो दिग्दर्शकाच्या खात्यात टाका. दिग्दर्शकाची शैली म्हणजे काय यावर मी पुष्कळ जड लेख वाचलेत, पण हा प्रयोग त्या सगळ्यांपेक्षा कामाचा आहे.

लेखकाचा रकानाही तसाच बोलका. राजेंद्र यादव, मन्नू भंडारी, शरच्चंद्र, पुढे टीव्हीवर शरदिंदु बंद्योपाध्याय. म्हणजे माध्यम बदललं तरी छापील गोष्टीला धरून चालायची सवय सुटलेली नाही. नटांच्या रकान्यात के. के. रैना ‘एक रुका हुआ फैसला’मध्ये (१९८६) आठव्या क्रमांकाचे ज्युरी (खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या बारा नागरिकांपैकी एक) म्हणून भेटतात आणि १९९३ मध्ये ‘ब्योमकेश बक्षी’त त्या गुप्तहेराचा मित्र अजित म्हणून पुन्हा येतात. दोन्हीकडे त्यांचं काम बरंचसं ऐकण्याचं आहे. दिग्दर्शक आपल्याला हवा तसा ऐकणारा नट हाताशी ठेवतो, हे तक्त्याशिवाय माझ्या लक्षात आलं नसतं.

एक गोष्ट, चार हात

नवख्या माणसाला मी दुसरं काही सांगायच्या आधी हा अभ्यास देतो. रेजिनाल्ड रोजची, खुनाच्या खटल्यातल्या बारा ज्युरींची गोष्ट घ्या. १९५४ मध्ये ती सीबीएस या अमेरिकी वाहिनीच्या ‘स्टुडिओ वन’ या नाट्यमालिकेत थेट प्रक्षेपित झाली, दिग्दर्शक फ्रँकलिन शॅफ्नर. १९५७ मध्ये लुमेटनं त्यावर ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ केला, तो त्याचा पहिला चित्रपट. १९८६ मध्ये बासुदांचा ‘एक रुका हुआ फैसला’ आला आणि १९९७ मध्ये विल्यम फ्रीडकिननं तीच गोष्ट अमेरिकी टीव्हीसाठी पुन्हा केली. चौघांनीही आयुष्यात दोन्ही माध्यमं हाताळली. गोष्टीत पळवाट नाही: एक खोली, एक लांब टेबल, बारा माणसं.

चारही पूर्ण पाहायची गरज नाही. चाकूचा प्रसंग तेवढा पाहा. खुनात वापरलेल्या चाकूसारखा चाकू दुसरा असूच शकत नाही, असा बाकीच्यांचा दावा असतो आणि आठव्या क्रमांकाचा ज्युरी तसाच चाकू खिशातून काढून सगळ्यांसमोर ठेवतो. चाकू बाहेर येतो तेव्हा कॅमेरा कुणाजवळ आहे? त्यानंतर पहिला चेहरा कुणाचा दिसतो? सगळे उठून उभे राहतात की काही बसून राहतात, आणि बसलेले कोण? एवढे तीन प्रश्न चारही वेळा विचारा आणि उत्तरं शेजारी शेजारी लिहा. मग आवाज बंद करून पुन्हा एकदा. आवाज गेला की आपण संवादांच्या मागे फरफटत जात नाही, कोण कुठे उभा आहे ते दिसायला लागतं.

थेट प्रक्षेपणात अडचण काय असायची तेही ध्यानात ठेवा. चाकांवरचे अवजड कॅमेरे, त्यांच्या मागे लोळणाऱ्या केबल, एका कॅमेऱ्याच्या चौकटीत दुसरा येऊ द्यायचा नाही आणि रिटेक नाही. दिग्दर्शक कंट्रोल रूममध्ये बसून त्या क्षणी कट सांगायचा. म्हणजे संकलन तिथल्या तिथे, चूक झाली तर सगळ्या देशासमोर. लुमेट या भट्टीतून आलेला. म्हणून चित्रपट हाती आल्यावर त्यानं आधी दोन आठवडे तालीम घेतली आणि शूटिंग तीन आठवड्यांच्या आत उरकलं.

उरकलं कसं, ते संकलकाला विचारा. पैसे वाचवायला त्यांनी खुर्चीवार शूटिंग केलं. एका खुर्चीवर प्रकाशयोजना झाली की त्या खुर्चीतले सगळ्या प्रसंगांचे शॉट्स घेऊन टाकायचे, मग पुढची खुर्ची. त्यामुळे पडद्यावर एकमेकांच्या अंगावर धावून जाणाऱ्या दोघांचे शॉट्स प्रत्यक्षात काही दिवसांच्या अंतरानं घेतलेले आहेत. असं फुटेज माझ्या टेबलावर आलं तर मी आधी कपाळाला हात लावतो, कारण एकाचा राग वरच्या पट्टीत आणि दुसऱ्याचा खालच्या, असं हमखास होतं. इथे होत नाही. तालमीत प्रत्येक प्रसंगाची पट्टी ठरली होती आणि दिग्दर्शकाच्या डोक्यात अख्खा सिनेमा जोडलेला होता.

आता त्याच सिनेमातली दुसरी गोष्ट पाहा. सुरुवातीचा तिसरा हिस्सा डोळ्यांच्या पातळीच्या वरून टिपलाय, मधला डोळ्यांच्या पातळीवरून, शेवटचा त्याच्या खालून. जोडीला लेन्स हळूहळू लांब पल्ल्याच्या होत जातात. त्यामुळे भिंती जवळ येतात, छत दिसायला लागतं, खोली अंगावर येते. छायाचित्रकार बोरिस कॉफमन. पहिल्यांदा पाहताना हे कळू नये अशीच योजना आहे. कळल्यावर मात्र तक्त्यात एक नवा रकाना काढा आणि पुढची कामं तपासा. ‘नेटवर्क’मध्ये (१९७६) हाच डाव प्रकाशाचा आहे: सुरुवात साध्या, वास्तव उजेडात आणि शेवट जाहिरातीसारखा चकचकीत. ‘प्रिन्स ऑफ द सिटी’त (१९८१) नेहमीच्या डोळ्याला सवयीची लेन्स वापरायचीच नाही, एक तर वाइड (दृश्य पसरट दाखवणारी) नाही तर टेली (लांबचं जवळ ओढणारी), असा नियम. गोष्टीचं म्हणणं लेन्सच्या आणि दिव्यांच्या हिशेबात मुरवून टाकायचं, ही या माणसाची खोड. एकदा ती सापडली की त्याच्या पडलेल्या सिनेमांतही करमणूक होते, कारण तिथे हिशेब कुठे फसला ते दिसतं.

मालिकेच्या भागात दिग्दर्शक कुठे शोधायचा

इथे बहुतेक जण हात टेकतात. मालिकेचा चेहरा निर्मात्याचा आणि लेखकांचा, नट आधीच ठरलेले, सेट उभा, शीर्षकगीत तेच. पाहुणा दिग्दर्शक येतो, भाग करतो, जातो. त्यात त्याचं असं काय सापडणार?

कटमध्ये शोधू नका. कट शेवटी कुणाच्या मर्जीनं राहिला ते बाहेरच्याला कळत नाही. अमेरिकेतल्या दिग्दर्शक संघटनेच्या करारात मोठ्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाला स्वतःची आवृत्ती जोडायला दहा आठवडे मिळतात आणि तासाभराच्या टीव्ही भागाला चार दिवस. त्यानंतर भाग निर्मात्याच्या ताब्यात. मी स्वतः कितीतरी वेळा दिग्दर्शकानं शांत ठेवलेल्या जागी, वरून फोन आला म्हणून, तीन चेहऱ्यांवर तीन झूम घातलेले आहेत. त्याचं खापर तुम्ही फोडणार बिचाऱ्या दिग्दर्शकावर.

शोधायचं ते ब्लॉकिंगमध्ये, म्हणजे नटांच्या जागा आणि हालचालींच्या आखणीत. माणूस दारातून कुठे आला, संवादाच्या कुठल्या शब्दावर उठला, खिडकीकडे का गेला, दुसऱ्याकडे पाठ कधी केली. हे सेटवर ठरतं आणि एकदा टिपलं की संकलनात फारसं बदलता येत नाही. बासुदांची ‘रजनी’ (१९८५) यासाठी उत्तम. प्रिया तेंडुलकर कुठल्यातरी कचेरीत किंवा दुकानात जाब विचारायला जाते, तेव्हा टेबलाच्या अलीकडे कोण, पलीकडे कोण, उभं कोण, बसलेलं कोण आणि ही मांडणी प्रसंगाच्या कुठल्या क्षणी उलटते, एवढंच पाहा. आणि मग ‘रजनीगंधा’तल्या टॅक्सीकडे परत जा. मागच्या सीटवर विद्या सिन्हा आणि दिनेश ठाकूर, दोघांच्या मध्ये थोडी मोकळी जागा, आणि सगळं नाट्य त्या जागेत. टॅक्सी, ‘छोटी सी बात’चा बसस्टॉप, ‘बातों बातों में’ची लोकल. बासुदांना माणसं अशा ठिकाणी पकडायला आवडतात जिथे बसायची जागा आपण निवडत नाही. सिनेमात येण्याआधी ते बरीच वर्षं ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात व्यंगचित्रं काढत होते. एका चौकटीत दोन माणसं कशी बसवायची याचा सराव त्यांना तिथला असावा, असा माझा आपला अंदाज.

भागाची पहिली दोन मिनिटंही नीट पाहा. तिथे पाहुण्याला थोडी मोकळीक असते. ‘कोलंबो’ या अमेरिकी गुप्तहेर मालिकेचा ‘मर्डर बाय द बुक’ हा १९७१ चा भाग स्टीव्हन स्पीलबर्गनं चोविसाव्या वर्षी केला. सुरुवातीला रस्त्यावरून येणारी एक गाडी दिसते, पण ऐकू येते ती फक्त टाइपरायटरची टकटक. कॅमेरा मागे येत येत खिडकीतून आत येतो आणि टाइप करणारा लेखक दिसतो. मारणारा रस्त्यावर, मरणारा टेबलाशी, आणि दोघांना बांधणारा एक आवाज. संवाद शून्य. मालिकेच्या ठरीव साच्यात हे बसवायला धमक लागते.

पायलट, म्हणजे मालिकेचा नमुन्याचा पहिला भाग, कुणी केला तेही तक्त्यात लिहा. पुढचे सगळे दिग्दर्शक त्या भागानं घालून दिलेल्या वळणावर चालतात, त्यामुळे पायलटच्या दिग्दर्शकाचं श्रेय वेगळ्या मापानं मोजायला हवं.

कुठली आवृत्ती पाहताय?

दोन्ही माध्यमांत वावरणाऱ्यांची कामं अनेकदा दोन लांबीत असतात. स्वीडनच्या इंगमार बर्गमनच्या ‘फॅनी अँड अलेक्झांडर’ची टीव्ही आवृत्ती पाच तासांहून मोठी आहे, चित्रपटगृहातली तीन तासांच्या आसपास. ‘सीन्स फ्रॉम अ मॅरेज’ (१९७३) सहा भागांची मालिका होती, नंतर तिचा चित्रपट कापला गेला. वेळ असेल तर लांब आवृत्ती आधी पाहा. छोटी नंतर पाहिली की दिग्दर्शकानं स्वतःच्याच कामातून काय टाकून द्यायचं ठरवलं, ते समजतं. स्पीलबर्गच्या ‘ड्युएल’चं (१९७१) उलटं आहे. ती टीव्हीसाठी केलेली छोटी फिल्म, परदेशातल्या थिएटरांसाठी नंतर वाढवलेली. वाढवलेले प्रसंग बहुतेक ओळखू येतात, गोष्ट तिथे थोडी दम खाते.

श्रेयनामावलीत ‘ॲलन स्मिथी’ दिसलं तर थांबा. असा कुणी दिग्दर्शक नाही. अमेरिकेत आपलं काम आपल्याला नको त्या रूपात बाहेर पडतंय म्हणून नाव काढून घेणाऱ्यांसाठी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत हे टोपणनाव चालायचं. डेव्हिड लिंचच्या ‘ड्यून’ची लांबवलेली टीव्ही आवृत्ती याच नावानं दाखवली गेली. ती पाहून लिंचवर मत बनवू नये.

इंटरनेटवरच्या फुकट प्रतींचं काय सांगावं! पकडलं जाऊ नये म्हणून लोक चित्र आरशासारखं उलटं करून चढवतात, वेग किंचित वाढवतात. तुम्ही ब्लॉकिंगचा अभ्यास करताय आणि डावं-उजवंच उलटं, म्हणजे सगळा आनंद. पुरुषाच्या शर्टाचा खिसा बघा. तो उजव्या छातीवर दिसला की प्रत उलटी आहे असं समजा.

खंड, पडझड आणि टीव्हीकडे परतणं

तक्त्यात जिथे तीन-चार वर्षं रिकामी दिसतात किंवा नाव अचानक सिनेमातून टीव्हीत जातं, तिथे आपण चटकन ‘उतरती कळा’ असं लिहून मोकळे होतो. जॉन फ्रँकेनहायमरचं पाहा. थेट टीव्हीत तयार झाला, १९६२ मध्ये ‘द मंचुरियन कँडिडेट’ दिला, पुढे बरीच वर्षं गाडी रुळावरून घसरलेली. १९९० च्या दशकात तो केबल टीव्हीकडे वळला. ‘अगेन्स्ट द वॉल’, ‘द बर्निंग सीझन’, ‘अँडरसनव्हिल’, ‘जॉर्ज वॉलेस’, अशा चार टीव्ही कामांसाठी त्याला पाठोपाठ दिग्दर्शनाचे एमी, म्हणजे अमेरिकी टीव्हीचे मानाचे पुरस्कार, मिळाले. १९९८ मध्ये ‘रोनिन’ आला. ‘रोनिन’मधल्या गाड्यांच्या पाठलागाचं कौतुक सगळे करतात, पण त्याआधीची ही चार कामं पाहिल्याशिवाय साठी ओलांडलेल्या माणसात तो जोर कुठून आला हे कळत नाही. यादीत त्यांतलं एक हवंच.

लुमेटला तर टीव्हीनं दोनदा शिकवलं. पहिल्यांदा १९५० च्या दशकात. दुसऱ्यांदा २००१ मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षात, ‘१०० सेंटर स्ट्रीट’ ही न्यायालयातली मालिका करताना तो फिल्म सोडून डिजिटल कॅमेऱ्यांवर आला. २००७ चा त्याचा शेवटचा चित्रपट ‘बिफोर द डेव्हिल नोज यू आर डेड’ डिजिटलवरच केलेला आहे. मालिका आणि तो चित्रपट लागोपाठ पाहा. नवं तंत्र तो आधी मालिकेत घोटवून घेतो, मग सिनेमात वापरतो. १९५७ मध्ये केलं तसंच.

आपटलेल्या सिनेमासाठी वेगळा वेळ ठेवा, तो अर्ध्यावर सोडू नका. मुलाखती मात्र अजिबात आधी वाचू नका. दिग्दर्शक बोलायला पटाईत असतात आणि एकदा त्यांचं स्पष्टीकरण कानात बसलं की आपल्याला तेच दिसत राहतं.

शेवटचं काम

शेवटच्या कामात मृत्युपत्र शोधायची लोकांना फार हौस. बहुतेकदा तो माणूस पुढच्या कामाची जुळवाजुळव करत असतो. मी शेवटच्या कामात व्यवहार पाहतो: किती ठिकाणी शूटिंग, किती नट, रात्रीचे प्रसंग किती. वय वाढलं की विमा कंपनी अडून बसते. रॉबर्ट ऑल्टमनच्या ‘अ प्रेअरी होम कंपॅनियन’साठी (२००६) पॉल थॉमस अँडरसनला राखीव दिग्दर्शक म्हणून सेटवर ठेवलं होतं. फ्रीडकिनच्या ‘द केन म्युटिनी कोर्ट-मार्शल’साठी (२०२३) ते काम गिएर्मो देल तोरोनं केलं. फ्रीडकिन ऑगस्ट २०२३ मध्ये गेला, सिनेमा त्यानंतर महिन्याभरात व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. त्यात जवळपास सगळं न्यायालयाच्या एका खोलीत घडतं. चाकूच्या प्रसंगासाठी पाहिलेली त्याची १९९७ ची टीव्ही फिल्म या शेजारी लावा आणि तेच तीन प्रश्न विचारा: कॅमेरा कुणाजवळ, आधी चेहरा कुणाचा, बसलेलं कोण.

पुढचा दिग्दर्शक कुठला घ्यावा असा प्रश्न असेल तर शॅफ्नर घ्या. १९५४ चं त्याचं थेट प्रक्षेपण तुम्ही पाहिलेलंच असेल. तिथून ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ (१९६८) आणि ‘पॅटन’पर्यंत (१९७०) जायचं आहे. वहीत नवं पान काढून आधी छायाचित्रकाराचा रकाना भरा.